घरी शिकणाऱ्या लेकराला गणिताचे पुस्तक कोणते द्यावे?



रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर कुणी ना कुणी आम्हाला थांबवतो. कुणाचा मुलगा आजारपणामुळे शाळेत जाऊ शकत नाही. कुणाची मुलगी कापूस वेचणीच्या दिवसांत आईसोबत वावरात जाते आणि तिची दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतची शाळा बुडते. "भाऊ, आता घरीच शिकवावं म्हणतो. गणिताचं एखादं सोपं पुस्तक सांगा ना," असे हे लोक विचारतात. आम्ही म्हणतो, सोपे घेऊ नका, कठीण घ्या. यावर समोरच्याचा चेहरा उतरतो. आपली चेष्टा चालली आहे असेही एखाद्याला वाटते. म्हणून हा विषय एकदा कागदावर मांडतो.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा-बायको. आम्ही बी.कॉम., कचेरीत कारकून. सौ. दहावी पास, घरी शिवणकाम करतात. आणि ज्या लेकरासाठी हा सारा खटाटोप झाला ती आमची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण सेलू तालुक्यातील एका खेड्यात राहते, निंदणाला आणि वेचणीला जाते. जावईबापू जिनिंगमध्ये हमाली करतात.

मुलीला सिकलसेल आहे. रिपोर्टवर एस.एस. लिहिलेले आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना वेगळे सांगायला नको, आणि विदर्भात आपल्या समाजात असे घर शोधायला फार लांब जावे लागत नाही. थंडी लागली, पाणी कमी प्याले, दगदग झाली की हातपाय, पाठ, छाती अशी दुखू लागते की लेकरू रात्र रात्र तळमळते. मग दवाखाना, सलाईन, कधी रक्त चढवणे. सहावीत तिची अर्धीअधिक शाळा बुडाली. जून २०२३ मध्ये आम्ही तिला वर्ध्याला आमच्या घरी आणले, कारण सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय इथून आठ किलोमीटरवर आहे आणि मध्यरात्रीही ऑटो मिळतो. सातवीत एका शाळेत नाव घातले.

ऑगस्टअखेर शाळेतून निरोप आला की हजेरी भरत नाही, नाव कमी करावे लागेल. आम्ही कारकून माणूस, कागदाला कागदाने उत्तर देतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात जे २१ प्रकार दिले आहेत त्यांत सिकलसेलचे नाव आहे. दोन्हींची झेरॉक्स काढली, खाली लाल रेघ मारली, अर्ज दिला आणि पोच घेतली. नाव राहिले. मुलगी जमेल तेव्हा शाळेत जाईल, चाचण्या देईल आणि बाकी अभ्यास घरी करील असे ठरले. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी तोंडी भांडत बसू नये, अर्ज द्यावा.

मुलांना घरीच शिकवणाऱ्यांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो. २०१६ साली मुंबईच्या एका मुलीची बातमी गाजली होती. सातवीत शाळा सोडून ती घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये पदके मिळवली आणि अमेरिकेत एम.आय.टी.ला गेली. तिच्या आईने त्यासाठी नोकरी सोडली होती. आनंदाची गोष्ट आहे. पण आपल्या घरी नोकरी कोण सोडणार? बहिणीची मजुरी सुटली तर चूल कशी पेटणार? आमच्याकडे वेळ होता तो रात्री आठ ते साडेनऊ, आणि सौ.कडे दुपारी, मशीन चालवता चालवता. एवढ्यात जे बसेल तेच आम्हाला करायचे होते.

पहिली चूक आमचीच झाली. पोरगी आजारी, तिच्या जिवाला त्रास नको, म्हणून आम्ही बाजारातून सर्वांत सोपे असे गाईड आणले. प्रत्येक उदाहरण सोडवलेले, प्रत्येक उत्तर तयार. तिने नऊ दिवसांत तीन प्रकरणे उतरवून काढली आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. आम्हाला वाटले दुखते आहे. विचारले तर म्हणाली, "दुखत नाही मामा. बोर होते."

एका रात्री तिने विचारले, "ऋण गुणिले ऋण धन काहून होते?" आम्ही गाईड उघडले. त्यात चौकटीत नियम दिला होता आणि पाठ करायला सांगितले होते. वीस वर्षे आम्ही जमा-खर्च लिहितो आहोत, तरी आम्हालाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी कचेरीत चुकीच्या नोंदी खोडताना उजेड पडला. दुकानदाराच्या वहीत आपल्या नावावर पाच-पाच रुपयांच्या तीन उधाऱ्या लिहिल्या आहेत. उधारी म्हणजे ऋण पाच. त्याने त्या तिन्ही खोडल्या, म्हणजे ऋण तीन वेळा. तर आपल्याला पंधरा रुपयांचा फायदा झाला की नाही? रात्री हे सांगितले तेव्हा ती उठून बसली. "म्हणजे उधारी खोडली तर पैसे आल्यासारखंच झालं," ती म्हणाली, आणि लगेच, "मग हे इथं काहून नाही लिहिलं?"

गाईड आम्ही त्याच आठवड्यात रद्दीत घातले. आजार तिच्या रक्तात होता, डोके चांगले होते, आणि आम्ही डोक्यालाच पथ्याचे जेवण देत होतो.

आता दुसरी चूकही सांगून टाकतो. कठीण द्यायचे तर पुढच्या वर्गाचे द्यावे, असे वाटून आम्ही आठवीचे पुस्तक आणले. बैजिक राशींचे अवयव पाडायला शिकवले. ती शिकली. अमुक पाहिले की तमुक करायचे, हे तिला आले. पण काहून हा प्रश्न पुन्हा बंद झाला. तेव्हा आमच्या लक्षात आले की पुढचे गणित म्हणजे कठीण गणित नव्हे. पुढच्या पुस्तकातही सोपे, साच्यातले उदाहरण असू शकते आणि चौथीच्या गणितातही असा प्रश्न काढता येतो की बी.कॉम. झालेला माणूस रात्रभर डोके खाजवील. आकडे मोठे केले तरी गणित कठीण होत नाही, लांबलचक होते. बाजारातली कितीतरी पुस्तके याच युक्तीने जाडजूड झालेली आहेत.

सहावी-सातवीत असे काय असते, की एवढे पुस्तक निवडत बसावे? या दोन वर्षांत मूल अंकगणितातून बीजगणितात जाते. तोपर्यंत ५ म्हणजे पाच पोळ्या, पाच रुपये. आता ऋण संख्या येतात, ज्या मोजून दाखवता येत नाहीत. अपूर्णांकांचा भागाकार येतो. संख्येच्या जागी अक्षर येते. आमच्या वेळी क्ष होता, आता पुस्तकात एक्स असतो. त्याला 'चल' म्हणतात. भाचीला सुरुवातीला हा शब्द फार आवडला होता, कारण तिच्या गावात चल म्हणजे 'ऊठ, निघ'. या वळणावर ज्याने नुसते नियम पाठ केले तो नववीत बीजगणित हा स्वतंत्र भाग आला की अडतो, दहावीत नापास होतो, आणि मग घरचे म्हणतात की आपल्या डोक्यात गणित नाही.

तर पुस्तके. बालभारतीचे सातवीचे पुस्तक २०१७ चे आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत ते फुकट मिळते. त्याला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात, आम्ही ठेवणार नाही. क्रम चांगला आहे, भाषा आपली आहे, आणि शाळेची चाचणी त्यावरच होते. पायाला तेच हवे. अडचण एवढीच की एकेका सरावसंचात उदाहरणे थोडी, आणि बरीचशी वर सोडवून दाखवलेल्या उदाहरणाच्या वळणाची. त्यातून २०२३-२४ च्या सत्रात सरकारने पुस्तके चार भागांत काढली, प्रत्येक भागात सर्व विषय थोडे थोडे आणि नोंदींसाठी कोरी पाने. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा हेतू होता. (२०२५-२६ पासून ती पद्धत बंद झाली.) घरी बसून पुढचे-मागचे चाळणाऱ्या लेकराची त्यात पंचाईत होते, म्हणून आम्ही शेजारच्या मोठ्या मुलाचे जुने अखंड पुस्तक मागून आणले. कोरी पाने मात्र तिने सगळी भरली, गणिताने नव्हे, चित्रांनी.

दुसरे पुस्तक शोधायला आम्ही बरेच हिंडलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये दीक्षाभूमीला गेलो तेव्हा पुस्तकांच्या रांगाच्या रांगा पालथ्या घातल्या. बाबासाहेबांचे खंड घेतले, सौ.नी थेरीगाथा घेतली. गणित म्हणून जे दिसले ते सारे स्पर्धा परीक्षांचे होते, अमुक सेकंदांत उत्तर काढायच्या युक्त्यांचे. लेकराला एका प्रश्नावर बसायची सवय लावायची तर सेकंद मोजणारे पुस्तक काय कामाचे?

शेवटी जे कामाला आले ते एन.सी.ई.आर.टी.चे 'एक्झेम्प्लर प्रॉब्लेम्स'. हिंदीत त्याला 'प्रश्न प्रदर्शिका' म्हणतात. मोबाइलवर फुकट उतरवता येते. आम्ही एका वेळी एकेक प्रकरण झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतले. त्यात पर्यायाचे प्रश्न आहेत, रिकाम्या जागा आहेत, पण खरी गंमत 'सत्य की असत्य' या प्रश्नांत आणि शेवटच्या लांब उदाहरणांत आहे. असत्य म्हटले तर असत्य का, हे सांगावे लागते आणि तिथे पाठांतर चालत नाही. शेवटी उत्तरे आहेत, पण ती काढली कशी हे नाही. घरच्या अभ्यासाला हीच रचना बरी. लेकराला आपले उत्तर ताडून पाहता येते, पण उतरवून घ्यायला काही मिळत नाही.

हिंदीची अडचण वाटते तेवढी नाही. वर्ध्याच्या लेकरांना हिंदी समजते, फक्त गणिताचे शब्द फसवतात. हिंदीत अपूर्णांकाला भिन्न म्हणतात, आणि आपल्याकडे भिन्न म्हणजे वेगळा. बैजिक राशी म्हणजे बीजीय व्यंजक, शेकडा म्हणजे प्रतिशत, चल म्हणजे चर. भाचीने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखून असे शब्द लिहिले. पंधरा दिवसांत पान बघायची गरज उरली नाही.

मराठीत वाचायलाच काही हवे असेल तर मंगला नारळीकर यांचे 'गणितगप्पा' जरूर आणावे. २०२३ साली त्या गेल्या. बालभारतीच्या गणिताच्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. हे सरावाचे पुस्तक नाही, पडल्या पडल्या वाचायचे आहे. दवाखान्याच्या पिशवीत आम्ही तेच ठेवत असू.

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक कसे पारखावे, असे विचाराल तर आम्ही समीकरणांचे प्रकरण उघडतो. वरचे सोडवलेले उदाहरण हाताने झाकतो आणि खालचे शेवटचे तीन प्रश्न वाचतो. ते वाचून आपल्याला लगेच रीत सुचली तर पुस्तक परत ठेवतो. काहीच कळले नाही तरी परत ठेवतो. प्रश्न कळतो आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, असे झाले तर ते पुस्तक घरी न्यावे.

आता एक गोष्ट सौ.च्या वतीने लिहितो, त्या स्वतः सांगणार नाहीत. भाचीला आमच्यापेक्षा त्यांनी चांगले शिकवले. कारण आम्हाला उत्तर येते आणि ते तोंडात राहत नाही. रात्री जेवण होऊन झोपायची घाई, म्हणून आम्ही लगेच सांगून मोकळे होतो. सौ.ना उत्तर येत नाही. त्या विचारतात, "मग आता काय करशील?" आणि मशीन चालवत राहतात. एकदा प्रश्न निघाला, लागोपाठच्या तीन संख्यांची बेरीज नेहमी ३ ने भागली जाते, तर लागोपाठच्या चार संख्यांची ४ ने भागली जाईल का? सौ.नी ब्लाउजच्या गुंड्यांचा डबा खाली ओतला. एक, दोन, तीन, चार अशा ढिगाऱ्या केल्या. बेरीज दहा, चाराने भागले तर दोन उरतात. दोन, तीन, चार, पाच केल्या. चौदा, पुन्हा दोन उरल्या. पाच-सहा वेळा केले, दर वेळी दोनच. काहून? दोघी दुपारभर बसल्या. मग भाचीने सर्वांत लहान ढिगारीइतक्या गुंड्या प्रत्येक ढिगारीत राहू दिल्या आणि वरच्या काढून घेतल्या. वर निघाल्या एक, दोन आणि तीन, म्हणजे सहा. सहातून चार गेल्या, दोन उरल्या. लहान ढिगारी कितीचीही असो, वरच्या सहाच राहणार. "मामी, हाच तो एक्स! खालची ढिगारी!" ती ओरडली. आम्ही घरी आलो तेव्हा गुंड्या सगळ्या घरभर होत्या आणि भाजी करपलेली होती.

आम्ही कॉलेजात असताना नागपुरात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचे 'अल्जिब्रा कॅन बी फन' हे पेरेलमनचे पुस्तक घेतले होते. वीसेक वर्षे पेटीत पडून होते. हा पेरेलमन १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने मेला. गणिताची त्याची पुस्तके मात्र जगभर गेली. पुस्तक इंग्रजीत, भाचीला वाचता येण्याजोगे नाही. पण त्यात गवत कापणाऱ्या मजुरांच्या टोळीचे एक उदाहरण आहे. टॉलस्टॉयला ते फार आवडायचे, असे पेरेलमन सांगतो. आम्ही त्यातले गवत काढून निंदण घातले आणि तिला सांगितले.

दोन वावरे आहेत. मोठे वावर लहानाच्या दुप्पट. बायांची एक टोळी सकाळी मोठ्या वावरात लागली. अर्धा दिवस सगळ्यांनी तिथे निंदले. दुपारी टोळीचे दोन सारखे भाग झाले. अर्ध्या बाया मोठ्या वावरात राहिल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी ते संपवले. अर्ध्या लहान वावरात गेल्या, पण तिथे थोडे उरले. ते उरलेले दुसऱ्या दिवशी एकट्या बाईने दिवसभरात पुरे केले. टोळीत बाया किती?

वाचकहो, पुढे वाचण्याआधी पाच मिनिटे थांबून पाहा.

तिला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी तिने एक्स मांडला आणि गुंतली. आम्ही बोलायला गेलो तर, "मले उत्तर सांगू नका मामा." दुसऱ्या दिवशी कंबर दुखत होती, गरम पाण्याची पिशवी घेऊन पडली होती. त्या दिवशी आम्ही गणिताचे नाव काढले नाही. दुखते त्या दिवशी अभ्यास नाही, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो मोडायचा नाही. पण तिसऱ्या दिवशी बहीण भेटायला आली होती, तिला तिने विचारले, "आई, अर्धी टोळी अर्ध्या दिवसात किती निंदते?" बहीण म्हणाली, "सगळी टोळी जेवढं निंदते त्याच्या अर्धं. त्यात विचारायचं काय?" एवढे ऐकताच तिने कागदावर मोठे वावर काढून त्याचे तीन पट्टे केले. सगळ्या टोळीचे अर्ध्या दिवसाचे काम दोन पट्टे, अर्ध्या टोळीचे एक पट्टा. लहान वावर म्हणजे दीड पट्टा. त्यातला एक पट्टा अर्ध्या टोळीने निंदला, अर्धा उरला. तो एका बाईचा एक दिवस. आणि पहिल्या दिवशी टोळीने एकूण किती केले? मोठ्यातले तीन पट्टे, लहानातला एक, म्हणजे चार पट्टे. अर्ध्या पट्ट्याला एक बाई, तर चार पट्ट्यांना आठ बाया.

एक्स लागलाच नाही. बहीण चौथी शिकलेली. आयुष्यभर निंदण केले, पण तिच्या कामात गणित आहे हे तिला त्या दिवशी लेकीने दाखवले. तरी जाता जाता ती आम्हाला म्हणाली, "दादा, एवढं कठीण कशाले देता तिले? पास झाली म्हणजे झालं. आपल्याले काय करायचं आहे?"

बहिणीचा राग आला नाही. 'आपल्याले काय करायचं' हे तिचे एकटीचे वाक्य नाही. धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात एल्फिन्स्टन हायस्कूलचा एक प्रसंग दिला आहे. शिक्षकांनी एक उदाहरण सोडवायला भीमाला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुले गलका करीत धावली आणि डबे आधी बाजूला केले. उदाहरण सोडवायचे होते आणि वर्गाचे लक्ष डब्यांवर. तोच मुलगा पुढे अर्थशास्त्राचा पंडित झाला आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर त्याचा ग्रंथ लंडनहून निघाला. आम्ही हे बहिणीला सांगितले. ती गप्प बसली. तिला पटले असे आम्ही म्हणणार नाही.

पटले ते फेब्रुवारीत. सातवीच्या पुस्तकात शेवटी 'बैजिक सूत्रे – वर्गविस्तार' हे प्रकरण आहे. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग कसा उलगडतो ते त्यात शिकवतात. त्या सुमारास भाचीची आजी, म्हणजे बहिणीची सासू, मुक्कामाला आली होती. घरात दुसऱ्या लेकराचा विषय चालला होता. नवरा-बायको दोघेही ए.एस., म्हणजे वाहक. स्वतःला त्रास नाही, पण दोघांकडूनही सिकलचा अंश आला तर लेकरू एस.एस. होते. डॉक्टरांनी सांगितले होते की चारात एक अशी शक्यता असते. आजीने त्याचा अर्थ लावला होता. म्हणाली, "मायबाई, चारात एक ना? ते एक झालं. आता पुढची तिन्ही चांगलीच होतील."

घरात कुणीच बोलले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही त्या क्षणी अडखळलो. हिशेब बरोबर वाटतो ना? कितीतरी घरांत हाच हिशेब लावून दुसरे, तिसरे लेकरू झालेले आम्ही पाहिले आहे.

भाचीने वही ओढली आणि एक चौकोन काढला, वावराचा काढायची तसाच. आडवी एक रेघ, उभी एक रेघ. एका बाजूला आई, तिचे दोन भाग, अ आणि स. दुसऱ्या बाजूला बाबा, अ आणि स. अ म्हणजे चांगला, स म्हणजे सिकलचा. चार घरे झाली. अअ, अस, सअ, सस. पुस्तकातलेच सूत्र होते ते, अ वर्ग, अधिक दोन अस, अधिक स वर्ग. शेवटच्या घरावर बोट ठेवून ती म्हणाली, "ही मी." मग म्हणाली, "आजी, हे चार लेकरं नाही. एकाच लेकराचे हे चार रस्ते आहे. दुसरं लेकरू आलं की हा चौकोन पुन्हा नवा काढा लागते. पहिल्याचं त्यात काही धरत नाही."

सौ.नी रुपयाचे नाणे काढून दाखवले. एकदा छापा आला म्हणून पुढच्या वेळी काटाच येईल असे नाण्याला कुणी सांगितलेले नसते. आजीला नाणे पटले, चौकोन नाही. बहीण मात्र त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि घडी करून पिशवीत ठेवला. पुढच्या आठवड्यात ती आणि जावईबापू दोघेही सेवाग्रामला डॉक्टरांशी बोलून आले. पुढे काय ठरले ते त्यांचे, ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

आठवीत तिला एन.एम.एम.एस.च्या परीक्षेला बसवायचे ठरले. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर आठवीतल्या मुलांना ही परीक्षा देता येते, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर, त्यांतले २० प्रश्न गणिताचे. वाचकांनी आपल्या मुलांचे फॉर्म जरूर भरावेत. भाचीची तयारी चांगली होती. डिसेंबर २०२४ मध्ये परीक्षा, आणि डिसेंबर म्हणजे वर्ध्याची थंडी. परीक्षेच्या दोन दिवस आधी ती दवाखान्यात भरती झाली. पेपर बुडाला. कठीण पुस्तकाने हे टळत नाही, हेही सांगितले पाहिजे. आम्हाला फार लागले. तिला आमच्याइतके लागले नाही, किंवा तिने दाखवले नाही.

गणिताचे मार्क किती वाढले, असे ओट्यावर विचारतात. फार नाही. चाचणीत वेळ संपायच्या आत रीत लिहायची असते आणि ही चित्रे काढत बसते. सरांनी एकदा बरोबर उत्तराचेही मार्क कापले, कारण रीत पुस्तकातली नव्हती. तो वाद आम्ही घातला नाही, त्याऐवजी तिला पुस्तकातली रीतही लिहून ठेवायची सवय लावली. दोन्ही आले पाहिजे.

२०२५ च्या जूनमध्ये ती नववीत गेली. तब्येत जरा बरी आहे, गोळ्या सुरू आहेत, आणि आता ती गावी आईजवळ राहून जवळच्या हायस्कूलला जाते. वेचणीला आई गेली की घरी राहिलेल्या चार-पाच लेकरांना ओट्यावर घेऊन बसते. त्यांना तिने पुस्तक नाही दिले, गुंड्या दिल्या आहेत, मामीच्या डब्यातल्या.

मागच्या रविवारी तिने फोनवर मामीला एक प्रश्न घातला. लागोपाठच्या तीन संख्यांची बेरीज ३ ने भागली जाते, पाच संख्यांची ५ ने भागली जाते, सातांचीही ७ ने. पण दोन, चार किंवा सहा संख्या घेतल्या की त्यांची बेरीज त्या आकड्याने कधीच भागली जात नाही. असे काहून? आठ दिवस झाले. गुंड्यांचा डबा रोज दुपारी खाली ओतला जातो, आणि आम्हाला सक्त ताकीद आहे की उत्तर सांगायचे नाही.